खानदेशातील विजेची गाडी आणि रेडिओची खरखर

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालच्या अखेरच्या दिवशी धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यानंतर लवकरच तेथे उभे राहिले. तेथील दप्तरे पाहिली म्हणजे वाटते की, ज्याचा कागद झाला त्याचाच इतिहास झाला. आवाजाचे दप्तर कोणी बांधून ठेवीत नाही. त्यातून आम्ही ज्या आवाजाविषयी बोलणार आहोत तो गाणे नव्हे की भाषण नव्हे. तो निव्वळ उपद्रव. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ह्या गावांतून रुळांलगत राहणाऱ्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे रेडिओतून ऐकलेली खरखर, हा आमचा विषय.

असल्या विषयावर वसंत व्याख्यानमालेची एक संध्याकाळ खर्ची घालावी काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, एकाच्या सोयीचा त्रास जेव्हा दुसऱ्याच्या दारात जाऊन पडतो, तेव्हा तो निस्तरावयाचा कोणी, हा प्रश्न आमच्या कामातलाच आहे. कामगार संघटनेत उभा जन्म ह्याच प्रश्नाशी झटण्यात गेला. विजेचे शास्त्र आम्ही कॉलेजात शिकलो नाही. वायरमन मंडळींची संगत आणि वाचनालयातील पुस्तके एवढीच आमची शाळा. तेव्हा जे सांगू ते साध्या भाषेतच सांगू.

ठिणगी आणि रेडिओ ह्यांचे नाते जन्माचे आहे. हर्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ च्या सुमारास ठिणगी पाडूनच विद्युत्लहरी निर्माण केल्या, आणि पुढे मार्कोनीने ठिणगीच्याच जोरावर बिनतारी संदेश धाडले. म्हणजे मूळचा रेडिओ हा ठिणगीचाच. ठिणगीचा दोष इतकाच की तिला स्वतःचा असा एक सूर नसतो. ती उडाली की लहान-मोठ्या सर्व लहरींवर एकदम पसरते. बाजारात एकाने आरोळी ठोकली तर ती सगळ्यांनाच ऐकू जावी तसे. आता विजेच्या इंजिनाच्या टपावर जो घडीचा सांगाडा असतो, ज्याला पँटोग्राफ म्हणतात, तो वरच्या तांब्याच्या तारेला घासत धावतो. तार कोठे किंचित उचललेली असते, पट्टी कोठे झिजलेली असते. तेथे क्षणभर फट पडते आणि ठिणगी उडते. अशी प्रत्येक ठिणगी म्हणजे क्षणभराचे प्रक्षेपण केंद्रच, आणि डोक्यावरची मैलोगणती तार ही त्याची एरियल! मध्यम लहरींवरचा रेडिओ लहरीच्या जोराच्या चढउतारातून आवाज उचलतो. ठिणगीही त्या जोरातच भर घालते. तेव्हा गाणे कोणते आणि ठिणगी कोणती, हे बिचाऱ्या रेडिओला कळावे कसे?

गाडीखेरीज दुसरेही एक मूळ होते. तार खांबाला ज्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर टांगलेली असते, त्यावर धूळ आणि इंजिनांचा धूर बसतो, कधी तडा जातो. मग गाडी नसली तरी तेथून बारीक वीज चरचरत राहते. जुने वायरमन हे दोन आवाज कानाने ओळखत. गाडीची खरखर येते, वाढते आणि निघून जाते. इन्सुलेटरची चरचर ठाण मांडून बसते. मृगाचा पाऊस दणकून पडला आणि इन्सुलेटर धुऊन निघाले की चरचर कमी होई. नुसती रिमझिम झाली तर मात्र ओल्या धुळीमुळे ती उलट वाढे.

हे दुखणे मुंबईत आधी आले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विजेची गाडी धावली. मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले ते २३ जुलै १९२७ रोजी. मध्ये अवघी अडीच वर्षे. आपल्याकडे रेडिओ जन्मला तो असा विजेच्या गाडीच्या शेजारात. त्या केंद्राची ताकद होती दीड किलोवॅट. आज घरातील पाणी तापविण्याच्या यंत्राला तेवढी वीज लागते. मुंबईची गाडी १५०० व्होल्टच्या डी.सी. प्रवाहावर चाले. घाट चढावयाचा म्हणून ही वीज एकीकडे पुण्यापर्यंत आणि दुसरीकडे इगतपुरीपर्यंत १९३० पावेतो पोहोचली. इगतपुरीला ती थांबली. तेथून पुढे खानदेशाच्या वाट्याला पुढची जवळजवळ चार दशके कोळसाच राहिला. भुसावळच्या लोकोशेडातील फायरमनच्या अंगावरची काजळी हे त्याचे मोल.

पुढे सारे चित्र बदलले ते १९५७ साली. भारतीय रेल्वेने त्या वर्षी ठरविले की, ह्यापुढे नवे मार्ग २५,००० व्होल्टच्या ए.सी. प्रवाहावर चालवावयाचे. सल्ला फ्रेंच रेल्वेचा होता. महायुद्धानंतर फ्रान्सने सव्वाय प्रांतातील डोंगराळ मार्गावर ह्याचा प्रयोग करून पाहिला होता आणि मग उत्तरेकडील कोळसा व लोखंडाच्या मार्गावर तो मोठ्या प्रमाणावर राबविला होता. फायदा उघड होता. व्होल्ट वाढले की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो; प्रवाह कमी म्हणून तार बारीक, तांबे थोडे, आणि वीज पुरविणारी उपकेंद्रे पुष्कळ दूरदूर ठेवता येतात. गरीब देशाला हा हिशेब पटला ह्यात नवल नाही. आमच्याही मते निर्णय योग्यच होता. परंतु ह्या हिशेबाच्या वहीत शेजाऱ्याचे एक पान होते.

ते पान असे. वरच्या तारेतून शेकडो अँपियर प्रवाह इंजिनाकडे जातो आणि रुळांतून परत उपकेंद्राकडे येतो. पण रूळ जमिनीवर पडलेले. बराचसा प्रवाह जमिनीत उतरून खोलवरून वाट काढतो. जाणारी वाट वर आणि येणारी वाट जमिनीच्या पोटात, असा एक प्रचंड फेरा तयार होतो. सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलणारा हा फेरा आपल्या बाजूने समांतर जाणाऱ्या कोणत्याही तारेत न विचारता वीज उत्पन्न करतो. आणि रुळांच्या कडेने समांतर काय जात होते? आपली टपाल-तार खात्याची टेलिग्राफ व टेलिफोनची तार! चाळीसगावपासून भुसावळपर्यंत गाडीच्या खिडकीतून जे खांब पळताना दिसत, तेच. डी.सी. प्रवाह दिशा बदलत नाही, म्हणून मुंबईत हा त्रास सौम्य होता. ए.सी.मुळे तो कानावर येऊन प्रसंगी जिवावर बेतणारा झाला. आंतरराष्ट्रीय दंडक असा होता की, नेहमीच्या वाहतुकीत अशा तारेत ६० व्होल्टपेक्षा आणि वरची तार तुटून जमिनीला लागली तर त्या क्षणी ४३० व्होल्टपेक्षा जास्त वीज चढू नये. म्हणजे खांबावर चढलेला लाइनमन, ज्या तारेला आजवर निर्धास्त हात लावीत होता, तिच्यातच मरण येऊन बसण्याची शक्यता.

कानाचा त्रास निराळा. पन्नास आवर्तनांचा मूळ सूर टेलिफोनात फारसा बोचत नाही. तो ढोलासारखा घुमतो. परंतु इंजिनात ए.सी.ची डी.सी. करणारी यंत्रणा त्या सुराचे तुकडे पाडते आणि त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे चढे सूर निर्माण होतात. माणसाचे बोलणे ज्या पट्टीत असते त्याच पट्टीत हे घुसतात.

अमेरिकेतील न्यू हेवन रेल्वेला हा अनुभव पन्नास वर्षे आधी आला होता. १९०७ साली तिने ११,००० व्होल्टची ए.सी. गाडी सुरू केली आणि टेलिफोनवाल्यांची ओरड इतकी झाली की १९१४ मध्ये सगळी वीजरचनाच बदलावी लागली. तेव्हा आपल्याकडे हा धोका कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. कायदाही होता. १९१० च्या वीज कायद्याच्या ३२ व्या कलमात स्पष्ट म्हटले होते की, वीज निर्माण करणाऱ्याने वा वापरणाऱ्याने आपल्या तारांमुळे टेलिग्राफ, टेलिफोन किंवा सिग्नलच्या तारेच्या कामात बिघाड होणार नाही अशी सर्व वाजवी खबरदारी घेतली पाहिजे. उपद्रव देणाऱ्यानेच तो निस्तरावा, हे तत्त्व इंग्रजांच्या राज्यात मान्य झालेले होते, हे आम्हाला मुद्दाम नमूद करावेसे वाटते. वीज आणि दूरसंचार ह्यांच्या तंट्यांसाठी १९४९ मध्ये दोन्ही बाजूंची एक समन्वय समितीही नेमली गेली.

त्याप्रमाणे झाले. साठीच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीपासून मनमाड, चाळीसगाव, जळगाव असे करीत १९६८-६९ च्या सुमारास विजेची तार भुसावळला पोहोचली. अशा मार्गांवर उघड्या तारा काढून जमिनीत केबल टाकावयाची, ही रीत पडली, आणि तिचा खर्च विद्युतीकरणाच्या अंदाजपत्रकातच धरला जाई. जेथे जरूर तेथे खांबांवर 'बूस्टर ट्रान्सफॉर्मर' बसवीत. ह्याचे काम मोठे मजेदार. तो परतीच्या प्रवाहाला जमिनीत भटकू न देता त्याच खांबांवरच्या दुसऱ्या तारेतून ओढून आणतो. जाणारी आणि येणारी वाट शेजारी-शेजारी आली की दोघींचा बाहेरचा परिणाम एकमेकींना खोडून काढतो. भांडखोर भावांना एकाच खोलीत कोंडले म्हणजे निदान गल्ली शांत राहते, तसेच हे!

केबल जमिनीत गेली असे आपण सहज म्हणतो. ती आपोआप जात नाही. रुळांच्या कडेने काळ्या जमिनीत आणि मुरमात चर खणावे लागतात. देशभर अशी कामे 'प्रकल्प कामगार' ह्या नावाच्या माणसांनी केली. एक मार्ग पुरा झाला की नाव कमी, दुसरा सुरू झाला की नवे नाव. वर्षानुवर्षे काम करूनही ही माणसे कायम नोकरीच्या यादीत नसत. १९८५ साली इंदरपाल यादव ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी कायम होण्याची वाट मोकळी केली. टेलिफोनमधून आपल्याला स्वच्छ आवाज ऐकू आला तो कोणाच्या घामावर, ह्याची ही एक नोंद. पुढे जाऊ.

आता रेडिओ. टेलिफोनच्या तारेला मालक होता, तो सरकारी होता, आणि कायद्यात तिचे नाव होते. रेडिओ ऐकणाऱ्याचे नाव त्या कलमात नव्हते. १९१० साली नभोवाणीच नव्हती, तेव्हा तो दोष कायदा करणाऱ्यांचा नाही. परंतु १९३३ च्या बिनतारी कायद्याने रेडिओ बाळगणाऱ्याला परवाना सक्तीचा केला. पोस्टात जाऊन पैसे भरावयाचे, पुस्तिकेवर तिकिटे डकवून घ्यावयाची. ही फी पुढे वर्षाला १५ रुपये झाली आणि हे सारे ऐंशीच्या दशकापर्यंत चालले. म्हणजे ऐकण्याचे पैसे द्यावयाचे, हे कर्तव्य कलमात आले. स्वच्छ ऐकू येण्याचा हक्क मात्र तारेलाच राहिला. २००३ मध्ये नवा वीज कायदा झाला. त्याच्या १६० व्या कलमात तेच जुने शब्द उतरले आहेत: तार, टेलिग्राफची, टेलिफोनची, सिग्नलची. युरोपात ह्या प्रश्नासाठी १९३४ पासून आंतरराष्ट्रीय समिती काम करीत होती, पण रेल्वेने हवेत किती खरखर सोडावी ह्याची खास मर्यादा तेथेही नव्वदीच्या दशकात ठरली. तेव्हा एकट्या आपल्या देशाला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

खानदेशात हा त्रास अधिक का जाणवला, हे नकाशा उघडला की दिसते. मुंबई केंद्र जळगावहून सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर. दिवसा मुंबईची मध्यम लहर येथे येईपर्यंत थकून जाई. रात्री ती आकाशातून परावर्तित होऊन येई, पण कधी जवळ कधी लांब अशी, मध्येच बुडणारी. पुणे (१९५३) दूरच. १९५५ साली सुरू झालेले इंदूर केंद्र त्या मानाने जवळ, सुमारे दोनशे किलोमीटरवर, पण ते हिंदी. बातम्या ऐकावयाच्या, कापसाचा आणि केळीचा भाव ऐकावयाचा, 'कामगार सभा' ऐकावयाची, तर मुंबईच्या त्या थकलेल्या आवाजावर भिस्त. मुंबईत राहणाऱ्याच्या रेडिओत केंद्राचा आवाज इतका बलवान की गाडीची ठिणगी त्याखाली दडपून जाई. आमच्याकडे तीच ठिणगी त्या अशक्त आवाजाच्या छातीवर बसे. खरखर किती आहे ह्यापेक्षा आवाजाच्या मानाने ती किती आहे, ह्यावर सगळे अवलंबून. दुर्बळाला लहान ओझेही जड होते, हे कामगार चळवळीत नव्याने सांगावयास नको.

लोकांनी आपापले उपाय केले. जाळीची पट्टीदार एरियल भिंतीवरून काढून परसात, रुळांना काटकोनात बांधावयाची. अर्थिंगची तार तुळशीच्या ओल्या मातीत पुरावयाची आणि वर मिठाचे पाणी ओतावयाचे. पुढे ट्रान्झिस्टर आले तेव्हा एक गंमत ध्यानात आली. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची एक कांडी असते. तिच्या टोकाच्या दिशेने येणाऱ्या लहरी ती उचलत नाही, आडव्या दिशेच्या उचलते. आता आपला रेल्वेमार्ग चाळीसगावपासून जळगावपर्यंत साधारण नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे येतो, आणि मुंबईही येथून नैर्ऋत्येलाच. मग कांडीचे टोक सरळ रुळांकडे केले की रुळांची खरखर घटते, आणि मुंबई नेमकी कांडीच्या आडव्या दिशेला येऊन स्पष्ट होते. हे कोणी पुस्तकात वाचून केले नाही. "जरा फिरवी देख, भो" असे म्हणत ट्रान्झिस्टर गोल फिरविता-फिरविता सापडलेले हे शास्त्र आहे. ज्यांचे घर अशा सोयीच्या ठिकाणी नव्हते, त्यांना मात्र हा उपाय लागू पडला नाही.

ह्या खरखरीने एकदा उलटेही काम केले. ८ मे १९७४ रोजी देशभरच्या रेल्वे कामगारांनी संप पुकारला; सुमारे सतरा लाख कामगारांचा तो लढा २७ मेपर्यंत चालला. आकाशवाणी त्या वेळी सरकारचे खातेच होती, आणि बातम्यांतून येणारे गाड्यांचे आकडे सरकारचेच असत. रुळांलगतच्या वस्तीतील जुन्या मंडळींकडून आम्ही ऐकले आहे की, त्या दिवसांत संध्याकाळी रेडिओ कधी नव्हे इतका स्वच्छ लागे. स्वच्छ आवाजात निवेदक सांगे की गाड्या धावत आहेत. आणि आवाज स्वच्छ आहे ह्याचाच अर्थ, निदान आपल्या टापूत विजेचे इंजिन फिरत नाही! ही गोष्ट ऐकीव आहे आणि आम्ही ती ऐकीव म्हणूनच देतो. शिवाय ती पुराव्याच्या कसोटीला पुरती उतरतही नाही, कारण कोळशाची व डिझेलची इंजिने त्या काळी होतीच आणि त्यांना पँटोग्राफ नसतो. तरी सांगणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद आम्ही पाहिलेला आहे, म्हणून ती गाळवली नाही.

दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, जळगावला आकाशवाणीचे केंद्र झाले. ९६३ किलोहर्ट्झवरील त्याचा प्रक्षेपक वीस किलोवॅटचा. खरखर कोणी कमी केली नाही. आवाजच इतका जवळून आणि जोराने येऊ लागला की ती खाली दबली. अहिराणी बोलणाऱ्या माणसाला आपल्या मुलखाचे बोलणे रेडिओवर ऐकू येऊ लागले, आपल्या बाजारचे भाव कळू लागले. आमचे बालपण ह्या केंद्राच्या आवाजात गेले. उपद्रव हटविण्याचे दोन मार्ग असतात: उपद्रव देणाऱ्याला आवरणे, नाही तर सोसणाऱ्याला बळ देणे. टेलिफोनच्या बाबतीत पहिला मार्ग घेतला गेला, रेडिओच्या बाबतीत दुसरा. दुसरा मार्ग हेतुपुरस्सर घेतला गेला असे मात्र आम्ही म्हणत नाही. केंद्र निघाले ते प्रदेशासाठी. रेल्वेच्या शेजाऱ्यांचा प्रश्न त्यात जाता-जाता सुटला, आणि तोही एका केंद्रापुरता. मुंबई लावली की खरखर होतीच.

धुळेकर श्रोते म्हणतील, ह्यात आमचे काय? धुळ्याची कथा उलटी आहे. चाळीसगावहून धुळ्याला फाटा आला १९०० साली, आणि त्यावर कोळसा आणि मग डिझेल एवढेच धावले. त्यामुळे विजेच्या गाडीची खरखर धुळ्याने ऐकलीच नाही. तेथली खरखर निराळी: जिनिंगच्या मोटारी, दुकानांवरच्या दिव्यांच्या नळ्या, आणि आग्रा रोडवरून जाणाऱ्या पेट्रोल गाड्यांचे स्पार्क प्लग. डिझेलचा ट्रक कितीही धडधडला तरी रेडिओत मुका, कारण त्याच्या इंजिनात ठिणगीच नसते. विजेची तार धुळ्याला पोहोचून मेमू गाडी सुरू झाली ती २०२१ साली. तोवर मध्यम लहरी ऐकणारे थोडे उरले होते. एफ.एम. रेडिओ आवाज लहरीच्या जोरातून उचलत नाही, म्हणून ठिणगीला फारशी दाद देत नाही. आणि टेलिफोनचे बोलणे काचेच्या धाग्यातून प्रकाशाच्या रूपाने जाऊ लागले होते. प्रकाशाला शेजारच्या विजेची बाधा होत नाही. त्यामुळे रेल्वेनेही नव्या मार्गांवर बूस्टर ट्रान्सफॉर्मर बसविणे सोडून दिले. मुंबईची जुनी डी.सी. वीजही आता उरलेली नाही; इगतपुरी-कसारा घाटात २००६ साली ए.सी. आली आणि मध्य रेल्वेचा शेवटचा तुकडा २०१६ मध्ये बदलला. इंजिन बदलण्यासाठी इगतपुरीला गाड्या थांबत, तेही गेले.

खरखर मात्र गेलेली नाही. ती रुळांवरून घरात आली आहे. ज्यांच्याकडे जुना ट्रान्झिस्टर चालू स्थितीत असेल त्यांनी घरी जाऊन तो मध्यम लहरींवर लावावा आणि मोबाइलच्या चार्जरजवळ किंवा स्वस्त एलईडी दिव्याजवळ न्यावा. मग एकेक बटण बंद करीत ऐकावे.